आधी पाणी, मग पाय

माणसं डोक्यानं जगात येतात, मी पायांनी आले. आई रात्रभर कळा देऊन अर्धमेली झाली होती आणि सुईण म्हणून आलेली सखूआजी मात्र माझे पाय दिसल्याबरोबर हसली म्हणे. दारातूनच तिनं बाहेर हाळी दिली, "पायाळू हाय गं, पायाळू! गावाची सोय झाली." आता बघा, बाळंतीण मरता मरता वाचली त्याचं कुणाला काही नाही, पोरगी झाली का पोरगा ह्याचंही काही नाही, गावाची सोय झाली! आमच्याकडे अशी समजूत की पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण उतरते. सकाळी, अनशापोटी, उसण भरलेल्यानं पालथं पडायचं आणि पायाळूनं दुखऱ्या जागेवर पाय द्यायचा. आणि एक पथ्य होतं. पायाळूला रिकाम्या हातानं लावून द्यायचं नाही. मागेल ते द्यायचं, नाहीतर उतरलेली उसण दुप्पट होऊन परत भरते. म्हणून कुणी ओंजळभर बाजरी द्यायचं, कुणी गुळाचा खडा.

मी चालायला लागले तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. पहाटे आमच्या अंगणाच्या कडेला, लिंबाखाली, कुणी ना कुणी धोतर सावरत येऊन पडलेलं असायचं. आमचं घर म्हणजे गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐन तरुणपणी बुद्धाचा धम्म घेतला होता आणि त्यांच्यामागे सगळ्या वस्तीनं घेतला. पण गावाच्या लेखी आम्ही जुनेच होतो. आमच्या घरचा चहा गावातल्या कुणी कधी घेतला नाही, आमच्या ओट्याला कुणाचा पदर लागला नाही. आणि हीच माणसं माझा पाय पाठीवर घ्यायला लिंबाखाली पालथी पडायची! "जरा खाली बाई, हां, तितंच, दे जोरात," असं कण्हायची. मग उठायची, बाजरी जमिनीवर ठेवायची आणि घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करायची. मला त्या वयात ह्यातलं फक्त गुळाचं कळायचं.

दादांना ह्याची मनस्वी चीड होती. ते रात्रशाळेत लिहायला-वाचायला शिकलेले. संध्याकाळी सगळ्या वस्तीला आमच्या अंगणात बसवून वंदना म्हणायला लावायचे आणि मग तासभर बोलायचे. घरातले देव त्यांनी टोपलीत भरून नदीला सोडून दिले होते. देव घरातून गेले, पण आईच्या तोंडातून काही गेले नाहीत. ती चुलीपुढं हुलग्याची शेंगोळी वळत बसलेली असायची, धूर डोळ्यांत गेला की म्हणायची, "देवा रे!" लगेच दादा बाहेरून विचारायचे, "कोन?" आई म्हणायची, "कोन न्हाई, धूर हाय." शेंगोळीला लसणाची फोडणी बसली की ती चर्रर्र आवाज करायची, त्या आवाजात आईचं पुढचं पुटपुटणं बुडून जायचं. ते काय असेल हे मला नीट माहीत होतं, कारण ते बहुतेक वेळा माझ्याबद्दलच असायचं. "हिला काईतरी नेमून धाडलंय," असं ती म्हणायची. विजा चमकायला लागल्या की मला घराच्या मधोमध पोत्यावर बसवायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते अशीही एक समजूत होती. विळी, खुरपं, कुऱ्हाड, सगळं लोखंड माझ्यापासून लांब ढकलायची आणि स्वतः मात्र मला बिलगून बसायची. पडली तर दोघींवर पडू दे, असा तिचा हिशोब.

दादांचं म्हणणं उलटं. "कुनी कुनाला धाडत न्हाई, सुजाता. मानूस जलमतं आन् मग आपलं काम आपन हुडकतं." मला आईचं जास्त पटायचं. उगाच कशाला खोटं बोलू? आपण कुणीतरी मुद्दाम पाठवलेले आहोत असं वाटणं ही फार चांगली गोष्ट असते, विशेषतः ज्या पोरीला गावात बैलाइतकीसुद्धा किंमत नाही तिला. पुढे मी नर्स झाले. जामखेडला, नगरला, कुठं कुठं सरकारी दवाखान्यांत उभा जन्म गेला. पायांनी येणारी कितीतरी बाळं ह्या हातांनी घेतली, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणाले, ये बाई, ये, आपल्या जातीची आहेस. आता सोनोग्राफीत आधीच कळतं आणि डॉक्टर सिझर करून मोकळे होतात. पायाळू माणूस आता औषधालाही सापडत नाही. असो.

मी सांगतेय ते वर्ष मोठ्या दुष्काळाचं. खर्ड्याच्या आठवडे बाजारात जनावरं कवडीमोलानं निघाली होती आणि अर्धा गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आमच्या वस्तीतला आड आटला. खाली उतरून खरवडलं तरी चिखलाशिवाय काही निघेना. गावविहिरीला तेवढं पाणी होतं. कितीही वापरा, तळाचा झरा काही तुटत नव्हता. पण त्या विहिरीच्या ओट्यावर आम्ही चढायचं नाही. बायकांनी खाली उभं राहायचं, हंडे मांडून ठेवायचे आणि वरच्या कुणा बाईला दया आली की ती पोहऱ्यातून वरूनच ओतायची. निम्मं हंड्यात, निम्मं मातीत. एरवी आडावर आणि ह्या दयेवर कसंतरी भागायचं. त्या वर्षी दया पण आटली. "आदी आमचं तर हू दे," म्हणायच्या आणि दुपार करायच्या. पाण्यासाठी थांबावं तर कामावर खाडा, कामावर जावं तर घरात घोटभर पाणी नाही. दादांनी तालुक्याला दोनदा अर्ज केला. साहेब आले, कायदा सांगून गेले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी आई पुन्हा ओट्याखाली उभी. शेजारच्या अनुसयाकाकूचं तान्हं पोर त्या उन्हाळ्यात जुलाबानं सुकत चाललं होतं. त्याला पाजायला पाणी उकळावं तर आधी पाणी तर हवं!

अशात थोरल्या पाटलांच्या कमरेत उसण भरली. घरात मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. धान्याचं पोतं हलवायला गेले आणि तिथंच काटकोनात अडकले. शेक झाला, तेल झालं, जामखेडहून वैद्य येऊन लेप लावून गेला. कण्हणं काही थांबेना. शेवटी पाटलांचा गडी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. "पायाळीला सकाळी मागल्या दारानं लावून द्या. मालकानी सांगितलंय."

त्याच्या काही महिने आधीच दादांनी लिंबाखालचा कारभार बंद करून टाकला होता. ते उभे राहिले. "जाऊन सांग तुझ्या मालकाला, माझी लेक शिकनार हाय. ती कुनाला लाथा माराया जन्मली न्हाई."

गडी गेला आणि आई चुलीपुढून उठून आली. ती दादांपुढं सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आवो, लाथ मारायचीच हाय न्हवं? खायची तर न्हाई? आपल्या सात पिढ्यांनी खाल्ल्या. एक पिढी मारती म्हनती तर मारू द्या की!"

दादांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण मी पाहिलं. "मला पटत न्हाई," एवढंच म्हणाले आणि पहाटे घण खांद्यावर टाकून कामावर निघून गेले. जाऊ नका असं मात्र म्हणाले नाहीत. आईनं माझी वेणी घातली, धुतलेला परकर नेसवला आणि मला घेऊन निघताना म्हणाली, "देतील ते घ्यायचं आन् खाली बघून माघारी यायचं. लई शानपना करू नको."

पाटलांना परसात घोंगडीवर पालथं घातलं होतं. एवढा मोठा माणूस, मिशीला पीळ देऊन चावडीवर बसणारा, आणि तोंड घोंगडीत खुपसून "आई गं, आई गं" करत होता. भोवती सगळं घर जमलेलं. पाटलीणबाई हात जोडून उभ्या होत्या. सून शालन पदर तोंडाला लावून उभी होती. ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. थोरला मुलगा लांबूनच बघत होता, जणू मी विंचू आहे. मी पाटलांच्या कमरेवर डावा पाय ठेवला. त्यांची पाठ गरम होती, घामानं चिकट झाली होती. मी दाबलं आणि आत कट्‌ असा आवाज झाला.

"आयला!" पाटील म्हणाले. मग हळूच गुडघ्यावर आले, मग उभे राहिले. सरळ! "आगं, उतरली की! उतरली!" पाटलीणबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी सुपात बाजरी आणली, वर गुळाची ढेप ठेवली, आणि सूप माझ्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवून मागं सरकल्या.

ते हातभर अंतर बघून मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. गुळाची ढेप होती हो, खडा नव्हे! एरवी मी तिच्यावर झडप घातली असती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात आईचा रिकामा हंडा आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "मला हे नको."

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस काळंनिळं होतं. पाटील खुशीत होते. "मंग काय पायजे? परकर-पोलकं?"

"पानी पायजे. गावविहिरीवर चढून, माझ्या हातानं शेंदून."

मग थोरला मुलगा ओरडला, "पोरगी शेफारली! हाकला तिला!" मी सुपाकडं पाठ केली आणि दाराकडं चालायला लागले. तेवढ्यात पाटलीणबाई किंचाळल्या, "आवो, रिकाम्या हातानं चालली की ती! तिला थांबवा!" पाटलांनी "ए पोरी!" म्हणून गर्रकन मान आणि कंबर वळवली, आणि तशीच त्यांची किंकाळी ऐकू आली. उसण परत भरली होती. पहिल्यापेक्षा दुप्पट.

मी जन्मभर नर्स होते. आखडलेले स्नायू एकदम हिसका बसला की पुन्हा धरतात हे मी किती पेशंटांना सांगितलं असेल. सांगताना मनात पाटील असायचेच. पण त्या सकाळी त्या परसात शास्त्र कुणाला ठाऊक होतं? मलाही नव्हतं. मला वाटलं, आई म्हणते ते खरंच आहे, मला नेमून धाडलंय, आणि ते ह्याच कामासाठी. खरं सांगू? अजूनही वाटतं. पाच हजार बाळंतपणं केलेली बाई असं म्हणते म्हणून हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

पाटील पुन्हा घोंगडीवर गेले. "दिलं बाई, पानी दिलं! आदी पाय लाव!"

मी म्हणाले, "आदी पानी. मग पाय."

मला वाटलं आता आई मला फरफटत नेणार. पण तिनं पदर खोचला आणि पाटलांकडं सरळ बघत म्हणाली, "माझी पोर म्हनती ते खरं हाय. आदी पानी." आईचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मग जी वरात निघाली! मुलाच्या आणि गड्याच्या खांद्यावर हात टाकून काटकोनातले पाटील पुढं, मागं पाटलीणबाई, मग सून, त्यांच्या मागं मी आणि आई. गल्लीगल्लीतून माणसं बाहेर येऊन बघायला लागली. विहिरीवर बायकांची दाटी होती. पाटलांनी कण्हत कण्हतच सांगितलं, "शेंदू द्या हिला."

"आजच्या दिस?" मी विचारलं.

"रोज, बाई."

"मी एकटी न्हाई. आमची सगळी वस्ती."

पाटलांनी वाकलेल्या कमरेवरून मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. "पायाळी हायेस का वकील गं?" गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. "शेंदा! सगळी शेंदा! पन मला सरळ करा रे कुनीतरी!"

मी ओट्यावर चढले. चार पायऱ्या असतील नसतील. वर गेल्यावर पहिल्यांदा विहिरीत पाहिलं. इतकी वर्षं ज्या विहिरीचं पाणी प्याले ती आतून कशी दिसते ते मला माहीत नव्हतं! खोल, काळी, आणि तळाशी आभाळाचा तुकडा. पोहरा सोडला, रहाट करकरला, दोर ओढताना तळहात सोलवटले. पोहरा वर आला तेव्हा निम्मं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. मी ओंजळीनं प्याले, आईला पाजलं, आणि मग पाटलांना तिथंच ओट्याखाली पालथं घालून, सगळ्या गावादेखत, त्यांच्या कमरेवर पाय दिला. पूर्ण नाही, पण बरेचसे सरळ झाले. लग्नात अक्षता टाकताना जरा कलते उभे होते एवढंच.

आई धावत वस्तीत गेली आणि हाळ्या देत सुटली. घागरी, हंडे, कळशा, तपेली, जे सापडेल ते घेऊन बायका निघाल्या. अनुसयाकाकू पोराला काखेत मारून ओट्यावर चढली आणि तिथंच बसून चमच्यानं त्याला पाणी पाजत राहिली. ते पोर जगलं. आज त्याची नातवंडं मला आजी म्हणतात. पण एक गोष्ट दुपारी ध्यानात आली. आम्ही ओट्यावर चढल्यापासून गावातली एकही बाई पाण्याला आली नव्हती. ज्या होत्या त्याही घरी निघून गेल्या होत्या. आई म्हणाली, "बाटलं म्हनून सोडत्यात का काय विहीर? मंग उद्या पाटलाला परत फिरवत्याल, बघ." पाटील बरे झाले होते. बरा झालेला माणूस शब्दाला किती जागतो हे आम्हाला ठाऊक होतं. दिलेलं पाणी रात्रीत काढून घेतलं जाईल ह्या भीतीनं वस्तीतली भांडी एकदा भरून पुन्हा भरली गेली.

दिवस कलताना दादा आले. भुवयांपर्यंत दगडाची पांढरी धूळ. आईनं तांब्या पुढं केला आणि सगळं सांगितलं. दादांनी तांब्या खाली ठेवला. "हे पानी हक्काचं हाय. लाथेपायी दिलं म्हनून घ्यायचं?"

मला इतका राग आला! आजही हे लिहिताना येतोय. मी ओरडले, "मग इतकी वर्सं हक्कानं का न्हाई आलं?" बापाला असं कुणी बोलायचं नसतं. दादांनी तांब्या उचलला, घटाघटा सगळा प्याले, मिशी पुसली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला कुनी धाडलं न्हाई, सुजाता. पन पोचलीस मातर नेमकी." मग म्हणाले, "चला. हंडा घ्या."

विहिरीपाशी आलो तेव्हा गावच्या बायका आल्या होत्या. पण ओट्यापासून लांब, वडाखाली घोळका करून, रिकामे हंडे पायाशी ठेवून उभ्या होत्या. दिवसभर कुणाच्या घरात पाणी नव्हतं आणि पुढं यायला कुणी तयार नव्हतं. दादा पायऱ्या चढले. ज्या गावात जन्मले त्या गावची विहीर त्यांनी पहिल्यांदाच वरून पाहिली. दोर सोडला, पोहरा भरला, ओढला. आईचा हंडा भरला, अनुसयाकाकूची घागर भरली, आमच्यातल्या एकेकीचं भांडं भरत गेले. रहाटाच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. आमची भांडी संपली तरी ते ओट्यावरून उतरले नाहीत. भरलेला पोहरा हातात धरून तसेच उभे राहिले.

तेव्हा वडाखालून शालन निघाली. पाटलांची सून. मागून तिच्या जावेनं तिचा पदर धरला होता, तो तिनं सोडवून घेतला. ती ओट्यावर आली आणि तिनं आपला तांब्याचा हंडा दादांच्या पुढं ठेवला. दादा म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातचं हाय." ती म्हणाली, "व्हय. दिसतंय की." दादांनी पोहरा वाकवला. एक थेंब बाहेर न सांडता त्यांनी तो हंडा काठोकाठ भरला. शालननं हंडा उचलला, कमरेवर घेतला, आणि सगळ्या गावासमोरून तो पाटलांच्या घरात घेऊन गेली.